समुद्रापासून दूर, नागपुरात राहून आक्रमक किनारी खेकड्याच्या प्रसाराचा अभ्यास कसा करावा

नागपूरच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय निवडताना समुद्री जीव सहसा सुचत नाहीत, कारण अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर हे दोन्ही येथून शेकडो किलोमीटर दूर आहेत आणि किनाऱ्यावर महिनोन्‌महिने राहून काम करण्याइतका वेळ व पैसा बहुतेकांजवळ नसतो. परंतु एखादा परका खेकडा एका महासागरातून दुसऱ्या महासागरात कसा पोहोचला आणि तेथे का टिकला, हा प्रश्न केवळ किनाऱ्यावर फिरून सुटत नाही. त्यासाठी दोनशे वर्षांच्या नोंदी, पाण्याचे तापमान, सागरी प्रवाह आणि त्या प्राण्याचे जीवनचक्र यांची सांगड घालावी लागते, आणि यांतील बहुतेक साहित्य आज इंटरनेटवर विनामूल्य मिळते. अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या परिसरात राहणारा विद्यार्थी हे काम मुंबईच्या विद्यार्थ्याइतक्याच चोखपणे करू शकतो.

या मार्गदर्शिकेसाठी युरोपीय हिरवा खेकडा निवडला आहे. त्याचे शास्त्रीय नाव कार्सिनस मीनास. युरोपचा अटलांटिक किनारा आणि उत्तर आफ्रिकेचा वायव्य भाग हे त्याचे मूळ घर. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने केलेल्या जगातील 100 घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. त्याच्यावर इतके संशोधन झाले आहे की नव्या अभ्यासकाला आपले निष्कर्ष ताडून पाहण्यासाठी आधार सहज मिळतो. पहिल्या प्रकल्पासाठी प्रजाती निवडताना ही सोय फार मोलाची ठरते.

प्रश्न नेमका करावा

‘हिरव्या खेकड्याचा प्रसार’ हे प्रकल्पाचे शीर्षक होऊ शकते, प्रश्न होऊ शकत नाही. प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर नोंदी आणि तापमान यांच्या आधारे देता येईल. उदाहरणार्थ, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हा खेकडा काही वर्षे संथपणे आणि नंतर एकाएकी वेगाने का सरकला? दक्षिण आफ्रिकेत 1983 मध्ये केपटाऊनच्या गोदीत सापडल्यानंतर तो तेथील दोन-तीन आडोशाच्या जागांपलीकडे का गेला नाही? आणि भारतीय वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, युरोपातून शतकानुशतके जहाजे मुंबईस येत असताना, विशेषतः 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर ही वाट आखूड झाली असताना, हा खेकडा आपल्या किनाऱ्यावर का रुजला नाही? श्रीलंका, म्यानमार आणि पाकिस्तान येथून त्याच्या तुरळक जुन्या नोंदी आहेत, म्हणजे तो या बाजूला पोहोचला होता. पोहोचणे आणि रुजणे या दोन वेगळ्या घटना आहेत. प्रकल्पभर हा फरक डोळ्यांसमोर ठेवावा, कारण नकाशावरील रिकामी जागाही भरलेल्या जागेइतकीच बोलकी असते.

‘आक्रमक’ हा शब्दही प्रथमच निश्चित करून घ्यावा. परक्या मुलखातून आलेला प्रत्येक जीव आक्रमक नसतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीने आक्रमक परकी प्रजातीची व्याख्या कायद्यात आणली; तिचा आशय असा की ती मूळची भारतातील नसावी आणि तिच्या येण्याने किंवा पसरण्याने येथील वन्यजीवांस अथवा त्यांच्या अधिवासास धोका पोहोचण्याची शक्यता असावी. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत हीच व्याख्या घ्यावी आणि शेवटपर्यंत तिच्याशी प्रामाणिक राहावे.

नकाशा उघडण्यापूर्वी जीवनचक्र समजून घ्यावे

बहुतेक प्रकल्प येथेच कच्चे राहतात. विद्यार्थी थेट नोंदी उतरवून घेतात, नकाशावर ठिपके मांडतात आणि मग त्या ठिपक्यांचे स्पष्टीकरण शोधू लागतात. ठिपके प्रौढ खेकड्यांचे असतात, पण प्रसार प्रौढ खेकडे करत नाहीत. प्रौढ हिरवा खेकडा आपल्या खाडीच्या परिसरातच वावरतो. शेकडो किलोमीटरचा प्रवास करतो तो त्याचा डिंभ, म्हणजे अंड्यातून बाहेर पडणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे आणि पाण्याबरोबर वाहत जाणारे पिल्लू.

मोठी मादी एका वेळी सुमारे 1,85,000 पर्यंत अंडी पोटाखालच्या झडपेत बाळगते. अंडी फुटल्यावर झोइया नावाची डिंभावस्था येते. तिचे चार टप्पे होतात, त्यानंतर मेगॅलोपा ही अवस्था येते, आणि मेगॅलोपा तळाशी बसून कवच टाकतो तेव्हा प्रथमच खेकड्याचे ओळखू येणारे रूप मिळते. कोमट पाण्यात हा प्रवास साधारण महिनाभरात आटोपतो, थंड पाण्यात त्यास दोन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. झोइया ओहोटीच्या वेळी वर येऊन पोहतात आणि त्यामुळे खाडीतून खुल्या समुद्रात जातात. मेगॅलोपा भरतीच्या पाण्यावर स्वार होऊन पुन्हा किनाऱ्याकडे परततात. मधला सगळा काळ ते प्रवाहाच्या स्वाधीन असतात. ज्या वर्षी प्रवाह नेहमीपेक्षा जोराचा असतो, त्या वर्षी खेकड्याची सीमा पुढे सरकते, हे लक्षात आले की पुढच्या आकडेमोडीचा अर्थ लागतो.

प्रौढ आणि डिंभ यांच्या सहनशीलतेतील तफावत स्वतंत्रपणे टिपून ठेवावी. प्रौढ खेकडा शून्याच्या जवळपासपासून 30 अंश सेल्सिअसच्या वरपर्यंतचे तापमान काही काळ सोसतो आणि जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्रापेक्षा अधिक खारट पाण्यापर्यंत तग धरतो. डिंभाचे तसे नाही. त्याची वाढ पूर्ण होण्यासाठी पाणी ढोबळमानाने 10 ते 22-23 अंशांच्या दरम्यान असावे लागते आणि क्षारता हजारी 20 भागांच्या वर असावी लागते. जहाजाच्या कुशीतून आलेला प्रौढ खेकडा एखाद्या उष्ण बंदरात काही वर्षे जगू शकेल, पण त्याची पुढची पिढी तेथे उभी राहणार नाही. आपल्याकडील तुरळक नोंदींचा उलगडा बहुधा येथेच आहे, आणि तो प्रकल्पात तपासून पाहता येतो.

आपल्या ओढ्यातला खेकडा: तुलनेसाठी

डिंभाचे महत्त्व पुस्तकातून समजते, पण पटते ते तुलनेतून, आणि ही तुलना नागपूरच्या आसपास पावसाळ्यात सहज करता येते. रामटेक, मौदा किंवा भंडाऱ्याच्या बाजूस धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर खेकड्यांची बिळे दिसतात. बॅरिटेल्फुसा या कुलनामाचे हे गोड्या पाण्यातील खेकडे आहेत. यांच्या माद्या मोजकीच, फार तर काही शे, पण मोठी अंडी घालतात, आणि त्या अंड्यांतून डिंभ न निघता थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो. ही पिल्ले काही दिवस आईच्या पोटाखालच्या झडपेतच राहतात. वाहून जाणारी अवस्थाच नसल्यामुळे गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या अनेक प्रजाती एकेका लहान प्रदेशापुरत्या मर्यादित राहिल्या आहेत. लाखांवर अंडी आणि समुद्रभर फिरणारे डिंभ एका बाजूला, मोजकी अंडी आणि आईजवळ राहणारी पिल्ले दुसऱ्या बाजूला: प्रसाराच्या अभ्यासाची सुरुवात या दोन जीवनपद्धती शेजारी-शेजारी मांडून करावी, असा माझा आग्रह आहे.

निरीक्षणासाठी शेतमालकाची परवानगी घ्यावी. गोरेवाड्यासारख्या वनक्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नये. खेकडा मागच्या बाजूने, पाठीच्या कवचाच्या दोन्ही कडांना धरून उचलावा, म्हणजे त्याची नांगी बोटांपर्यंत पोहोचत नाही. पोटाखालची झडप अरुंद व त्रिकोणी असेल तर नर, रुंद व गोलसर असेल तर मादी. व्हर्नियर कॅलिपरने कवचाची सर्वाधिक रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी, छायाचित्र घ्यावे आणि खेकडा होता त्याच बिळाशी सोडावा. अंडी किंवा पिल्ले बाळगणाऱ्या मादीला हाताळू नये, दुरूनच पाहावे. एका पाण्यातील प्राणी दुसऱ्या पाण्यात कधीही सोडू नये. हा नियम शहरातील तलावांनाही तितकाच लागू आहे, कारण घरच्या काचपेटीतील कासवे आणि मासे तलावात सोडून देणे हीदेखील परक्या प्रजातींच्या प्रसाराचीच एक वाट आहे.

येथे एक शंका स्वाभाविकपणे येते. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा व वर्धा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे जाते. मग समुद्रातला खेकडा या वाटेने वर चढू शकेल काय? हिरवा खेकडा चढणार नाही, तो खाऱ्या आणि मचूळ पाण्याचा रहिवासी आहे. चिनी मिटन खेकड्याची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचे डिंभ खाऱ्या पाण्यात वाढतात, पण कोवळे खेकडे नद्यांतून शेकडो किलोमीटर आत जातात आणि प्रजननासाठी पुन्हा खाडीत उतरतात. 1912 मध्ये तो जर्मनीतील आलर नदीत सापडला आणि पुढे युरोपातील अनेक नद्यांत पसरला. त्याच्यावर प्रकल्प करायचा असल्यास तापमानाच्या जोडीला नदीवरील धरणे व बंधारे यांचाही नकाशा लागेल. पहिल्या प्रकल्पासाठी एवढा पसारा मांडू नये.

नोंदी मिळवाव्यात आणि निवडाव्यात

जगभरच्या जैवविविधतेच्या नोंदी जीबीआयएफ या संकेतस्थळावर एकत्र ठेवलेल्या आहेत. सागरी जीवांसाठी ओबिस हे स्वतंत्र संकेतस्थळ आहे. शास्त्रीय नाव बिनचूक आहे का हे आधी वर्म्स या सागरी प्रजातींच्या जागतिक सूचीत पडताळावे, कारण जुन्या ग्रंथांत एकाच खेकड्याची अनेक नावे आढळतात. त्यानंतर जीबीआयएफवर विनामूल्य खाते उघडून कार्सिनस मीनासच्या सर्व नोंदी तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घ्याव्यात. उतरवण्याची तारीख आणि त्या संचाला मिळालेला ओळखक्रमांक वहीत लिहून ठेवावा, कारण नोंदींत रोज भर पडते आणि महिन्याभराने तोच शोध घेतल्यास आकडा वेगळा येतो.

मिळालेला तक्ता जसाच्या तसा वापरू नये. आधी मूळ प्रत बाजूला ठेवून दुसऱ्या प्रतीवर काम करावे. ज्या नोंदींना वर्ष नाही किंवा अक्षांश-रेखांश नाहीत, त्या वेगळ्या काढाव्यात. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांशावर पडलेले ठिपके ही बहुधा रिकाम्या रकान्यांची करामत असते. एखाद्या देशाच्या मध्यभागी, समुद्रापासून दूर पडलेला ठिपका दिसल्यास तो संग्रहालयाचा किंवा राजधानीचा पत्ता असण्याची शक्यता मोठी असते. एकच नमुना दोन संस्थांच्या सूचींत असल्यामुळे दुहेरी नोंदीही येतात. भूमध्य समुद्रातील आणि जपानमधील नोंदी अधिक काळजीने पाहाव्यात, कारण तेथे कार्सिनस एस्टुआरी हा जवळचा भाऊबंद आढळतो आणि दोघांची गल्लत होते. 1984 मध्ये टोकियोच्या उपसागरात सापडलेला खेकडा याच दुसऱ्या प्रजातीचा मानला जातो. काढून टाकलेली प्रत्येक नोंद कारणासह स्वतंत्र पानावर ठेवावी. परीक्षक सर्वप्रथम तेच पान मागतील, आणि त्यांनी ते मागावेच.

निरीक्षकांच्या संख्येमुळे निर्माण होणारा आभास ही याहून सूक्ष्म अडचण आहे. कॅमेरा असलेले फोन हातोहाती आल्यापासून आयनॅचरलिस्टसारख्या मंचांवरील नोंदी झपाट्याने वाढल्या, त्यामुळे गेल्या दशकातील ठिपक्यांची दाटी पाहून खेकडे वाढले असा समज होतो, वस्तुतः पाहणारे वाढलेले असतात. यावर सोपा उपाय असा की किनाऱ्याचे एकसारखे चौकोन पाडावेत आणि प्रत्येक चौकोनात त्या वर्षी झालेल्या एकूण खेकड्यांच्या नोंदींपैकी हिरव्या खेकड्याच्या किती, हे प्रमाण काढावे. ज्या चौकोनात कोणत्याच खेकड्याची नोंद नाही, तेथे हिरवा खेकडा नाही असे लिहू नये. तेथे कोणी पाहिले नाही, एवढेच लिहावे.

वेग मोजताना सरासरीवर थांबू नये

स्वच्छ केलेल्या नोंदींतून प्रत्येक ठिकाणच्या पहिल्या नोंदीचे वर्ष काढावे आणि क्यूजीआयएस या विनामूल्य प्रणालीत ते नकाशावर मांडावे. उत्तर-दक्षिण पसरलेल्या किनाऱ्यावर साधे गणित पुरते: अक्षांशातील फरकास 111 ने गुणल्यास अंतर किलोमीटरमध्ये येते.

उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा हे यासाठी उत्तम उदाहरण आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात हा खेकडा 1989 च्या सुमारास आढळला. तो बहुधा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून जिवंत आमिषाबरोबर ओल्या समुद्रशैवालात गुंडाळून किंवा जहाजाच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे तोल राखण्यासाठी जहाजात भरलेल्या पाण्यातून, आला असावा. 1995 पर्यंत तो हंबोल्ट उपसागरात, 1997 मध्ये ओरेगॉनमधील कूस उपसागरात आणि 1998 मध्ये वॉशिंग्टन राज्यातील विलापा उपसागरात पोहोचला. सॅन फ्रान्सिस्कोचा अक्षांश 37.8 आणि विलापाचा 46.5 धरल्यास 8.7 अंशांचे, म्हणजे सुमारे 966 किलोमीटरचे अंतर 9 वर्षांत कापले गेले. सरासरी वर्षाला 107 किलोमीटर. आता हेच अंतर दोन तुकड्यांत मोजावे. 1989 ते 1995 या 6 वर्षांत हंबोल्टपर्यंतचे 3 अंश, म्हणजे 333 किलोमीटर. वर्षाला सुमारे 55. पुढील 3 वर्षांत 5.7 अंश, म्हणजे 633 किलोमीटर. वर्षाला सुमारे 211. वेग जवळजवळ चौपट झाला.

या चौपटीचे कारण खेकड्याच्या पायांत नाही. 1997-98 मध्ये प्रबळ एल निनो होता, त्या काळात किनाऱ्यालगतचे पाणी नेहमीपेक्षा उबदार होते आणि उत्तरेकडे वाहणारा प्रवाह जोरात होता, त्यामुळे डिंभ दूरवर वाहत गेले आणि जेथे पोहोचले तेथे त्यांना वाढीला पुरेशी ऊबही मिळाली. सरासरी काढून थांबणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती 107 हा आकडा लागतो. तुकडे पाडणाऱ्याच्या हाती कारण लागते. प्रत्यक्ष किनारा वळणावळणाचा असतो म्हणून हे अंतर किमान समजावे, आणि पहिली नोंद म्हणजे पहिले आगमन नव्हे, हेही तळटीपेत लिहावे, कारण संख्या थोडी असताना खेकडा काही वर्षे कोणाच्याही नजरेस पडत नाही.

पूर्व किनाऱ्याची कहाणी याहून जुनी आहे आणि वेगळे काही शिकवते. थॉमस से यांनी 1817 मध्ये अमेरिकेतून या खेकड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी जहाजाचा तोल राखण्यासाठी दगड भरत, आणि त्या दगडांत किंवा लाकडी तळाला चिकटलेल्या जीवांच्या थरात तो आला असावा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो कॅनडातील फंडीच्या उपसागरापर्यंत सरकला आणि तेथे बराच काळ रेंगाळल्यासारखा दिसला. पुढे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर त्याने पुन्हा उचल खाल्ली. जनुकीय अभ्यासातून असे दिसले की तेथे उत्तर युरोपातून आलेला, थंडी अधिक सोसणारा दुसरा वंश दाखल झाला होता. नकाशावर जी एकच सलग लाट वाटते ती प्रत्यक्षात दोन स्वतंत्र आगमने असू शकतात. 2007 मध्ये तो न्यूफाउंडलंडला आणि 2022 मध्ये पश्चिमेकडे अलास्कात नोंदला गेला.

तापमानाचा पट आणि भारताचा प्रश्न

समुद्रपृष्ठाच्या तापमानाचे उपग्रहाधारित मासिक आकडे अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या संकेतस्थळावर 1981 पासून उपलब्ध आहेत. वार्षिक सरासरी घेऊ नये, कारण उष्ण उन्हाळा आणि थंड हिवाळा यांची सरासरी दोन्ही लपवते. प्रत्येक ठिकाणच्या 12 महिन्यांचे 12 आकडे घ्यावेत आणि सलग किती महिने पाणी 10 ते 22.5 अंशांच्या पट्ट्यात राहते, ते मोजावे. डिंभाला वाढीसाठी किमान एक-दोन महिने लागत असल्याने, जेथे सलग दोन महिनेही हा पट्टा मिळत नाही तेथे खेकडा रुजण्याची अपेक्षा धरता येत नाही.

ही कसोटी कोकण किनाऱ्यास लावल्यास उत्तर चटकन मिळते, कारण तेथील पाणी वर्षातील बहुतेक काळ 25 अंशांच्या वर असते. मात्र कच्छचे आखात आणि पाकिस्तानचा किनारा येथे हिवाळ्यात पाणी बरेच थंड होते. आपली साधी कसोटी तेथे पुरते की क्षारता, अन्न, येथील देशी खेकड्यांशी स्पर्धा आणि भक्षक यांचाही विचार करावा लागतो, हे विद्यार्थ्याने आकडे मांडून स्वतः पाहावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दक्षिणेकडे हिरव्या खेकड्याची संख्या रोखण्यात तेथील निळ्या खेकड्याचा हात असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. आपल्या खाड्यांतील दणकट कुर्ल्या अशा पाहुण्याचे काय करतील, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. दक्षिण आफ्रिकेत तर तापमान अनुकूल असूनही उघड्या, लाटांच्या माऱ्यातील किनाऱ्याने त्याला गोद्यांतच अडवून धरले. तापमान हे दार उघडते. आत काय घडेल ते अनेक गोष्टींवर ठरते.

परिणाम आणि नियंत्रण यांवर लिहिताना

हे प्रकरण लिहिताना विद्यार्थी सरसकट ‘पर्यावरणाचा नाश’ असे लिहितात. त्याऐवजी काय, कोठे आणि कसे, हे लिहावे. हा खेकडा तिसऱ्या, कालवे आणि शिनाणे यांच्या जातकुळीतील शिंपले फोडून खातो. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मऊ कवचाच्या शिंपल्यांचा व्यवसाय कोसळण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. अन्न शोधताना तो चिखल उकरतो आणि सागरी गवताचे कुरण मुळासकट उपटले जाते, त्यामुळे त्या गवतात वाढणाऱ्या माशांच्या पिल्लांचा आडोसा जातो. मूळ घरी त्याच्यावर सॅक्युलिना हा परजीवी जीव वाढतो आणि त्याची प्रजननक्षमता नष्ट करतो. परक्या किनाऱ्यांवर हे परजीवी कमी आढळतात आणि तेथील खेकडे आकारानेही मोठे होतात.

नियंत्रणाबाबत एक उदाहरण विस्ताराने अभ्यासावे. कॅलिफोर्नियातील सीड्रिफ्ट नावाच्या खाजणात 2009 पासून संशोधक आणि स्वयंसेवकांनी सापळे लावून खेकडे काढण्याची मोठी मोहीम चालवली. संख्या सुमारे 1,25,000 वरून 2013 पर्यंत 10,000 च्या खाली आली, आणि पुढच्याच वर्षी ती 3,00,000 च्या घरात गेली. सापळ्यांत प्रामुख्याने मोठे खेकडे सापडतात. हेच मोठे खेकडे एरवी आपल्याच जातीची पिल्ले खाऊन संख्या आटोक्यात ठेवत असतात. ते हटताच पिल्लांना मोकळे रान मिळाले. म्हणून संपूर्ण निर्मूलनापेक्षा, देशी जीव तग धरू शकतील इतकी संख्या सातत्याने कमी ठेवावी, असा विचार पुढे आला. वॉशिंग्टन राज्यात लमी या आदिवासी समाजाने 2021 मध्ये आपल्या सागरी तळ्यातून 70,000 हून अधिक खेकडे काढले आणि जानेवारी 2022 मध्ये तेथील गव्हर्नरांनी आणीबाणीचा आदेश काढला. एवढे श्रम पाहिले की प्रतिबंधाचे मोल कळते. जहाजांच्या बॅलास्ट पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 2004 मध्ये स्वीकारला गेला आणि 8 सप्टेंबर 2017 पासून अमलात आला. त्यातील निकषानुसार सोडल्या जाणाऱ्या पाण्यात 50 मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दर घनमीटरला 10 पेक्षा कमी असावेत. झोइया याहून बरीच मोठी असते, म्हणजे हा निकष नेमका तिच्यावर लागू पडतो.

कोकणात जाण्याचा योग आल्यास

सहलीच्या निमित्ताने रत्नागिरी, मालवण किंवा मुंबईला जाणे झाले तर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत जावे, कारण त्या दिवशी ओहोटीचे पाणी सर्वांत दूर हटते आणि खडकाळ किनारा मोकळा होतो; भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या, दिवसांत फारसे काही उघडे पडत नाही. ओहोटीच्या तळापूर्वी तासभर आधी पोहोचावे, पाणी फिरताच परतावे आणि एकट्याने खडकांवर जाऊ नये. जाण्यापूर्वीचा सराव नागपूरच्या मासळी बाजारात करता येतो. बर्फातून आलेल्या समुद्री खेकड्याच्या डोळ्यापासून कवचाच्या कोपऱ्यापर्यंत एका बाजूचे दाते मोजावेत. पाठीवर तीन तांबडे ठिपके असलेल्या खेकड्याला आणि चिखलातल्या मोठ्या कुर्लीला ते नऊ असतात, कॅरिब्डिस कुळातील खेकड्यांना साधारणपणे सहा. हिरव्या खेकड्याला ते पाच असतात, दोन डोळ्यांच्या मध्ये तीन गोलसर उंचवटे असतात आणि पायांची शेवटची जोडी वल्ह्यासारखी रुंद नसून किंचित चपटी व टोकदार असते. रंगावर विसंबू नये. नाव हिरवा असले तरी तो पिवळट, नारिंगी किंवा तांबूसही असतो.

जिवंत खेकडे पकडण्याऐवजी भरतीरेषेवर वाहून आलेली, खेकड्यांनी टाकलेली रिकामी कवचे गोळा करावीत. त्यांना कुजका वास नसतो, आत मांस नसते आणि पाठीचे कवच मागच्या बाजूने झाकणासारखे उघडते. दाते मोजण्यास ती पुरेशी असतात, आणि वॉशिंग्टनमध्ये स्वयंसेवक हिरव्या खेकड्याचा माग काढताना अशीच कवचे शोधतात. पाच दात्यांचे, वरील वर्णनाशी जुळणारे कवच किंवा खेकडा दिसल्यास पाठ, पोट आणि डोळ्यांमधील भाग अशी तीन छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावीत, ठिकाण, तारीख, वेळ आणि भरती-ओहोटीची स्थिती लिहावी, आणि ही माहिती भारतीय प्राणी सर्वेक्षण किंवा केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था यांच्याकडे पाठवावी. समाजमाध्यमांवर ‘परका खेकडा सापडला’ असे जाहीर करण्यापूर्वी तज्ज्ञाकडून ओळख पक्की करून घ्यावी. तोपर्यंत वहीत त्या नोंदीपुढे ‘ओळख अनिश्चित’ असा शेरा ठेवावा आणि नकाशावर तिचा ठिपका टाकू नये.